न घसरणारे दगड

आमच्या लॅबच्या दारावर एक पाटी आहे : "सरबताच्या, तेलाच्या किंवा औषधाच्या बाटलीत पाणी आणू नये." कानडीत आणि मराठीत, दोन्हीकडे माझंच अक्षर. तरी लोक आणतातच. देशपांडे नगरातल्या एका डॉक्टरांनी आपल्या नव्या बोअरवेलचं पाणी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून आणलं आणि वर मलाच बजावलं, "बाटली स्वच्छ विसळली आहे हं." कशाने विसळली, असं विचारलं तर म्हणाले, "त्याच पाण्याने की!"

हुबळीच्या गोकुळ रोडवर, पंपाचे सुटे भाग करणारं एक वर्कशॉप आणि एक बेकरी यांच्या मधे आमची लॅब आहे. एका कानात लेथचा आवाज, नाकात पावाचा वास. खालच्या खोलीत रसायन विभाग. तिथे पाण्यात क्षार किती, लोखंड किती, फ्लोराइड किती हे बघतात. वरच्या खोलीत मी. पाण्यात जिवंत काय आहे, ते मी बघते.

काम ऐकायला सोपं आहे. पेलाभर पाणी एका पातळ गाळण-कागदातून ओढून घ्यायचं. जिवाणू कागदावर अडकतात. तो कागद काचेच्या चपट्या डबीत, म्हणजे प्लेटमध्ये, जिवाणूंचं अन्न घातलेल्या जेलीवर ठेवायचा आणि प्लेट अंगाइतक्या उबेत एक दिवस ठेवून द्यायची. डोळ्यांना न दिसणारा एक जिवाणू त्या उबेत एवढी पोरंबाळं घालतो, की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसतो. ठिपके मोजायचे. आम्ही शोधतो ते मुख्यतः माणसांच्या आणि जनावरांच्या पोटातले जिवाणू. ते पाण्यात सापडले याचा अर्थ पाण्यात मैला मिसळला. त्यांच्यासाठीची जेली अशी असते, की इतर बहुतेक जिवाणू तिच्यावर टिकत नाहीत. आणि गंमत बघा, मैल्यातला हा जिवाणू त्या जेलीवर सोन्यासारखा चमकतो. हिरवट, झळझळीत, थेट सोनाराच्या दुकानातला रंग. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी प्लेट खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ नुसती फिरवत बसले होते.

या नोकरीत मी कशी आले, ते थोडक्यात सांगते. आमच्या घरात रद्दी कधी विकली गेली नाही, कारण घरातली रद्दी म्हणजे अप्पांची उरलेली पत्रकं. अप्पा कारखान्यात फिटर. सुटी झाली की पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, बस स्टँडवर वाटायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, आणि गणितं सोडवली ती 'आमच्या मागण्या'च्या पाठच्या कोऱ्या बाजूवर. आम्ही बौद्ध. कुणी कुठलं पाणी प्यायचं यावरून माणसांनी माणसांना झोडपलेलं ज्या घराला ठाऊक आहे, त्या घरात पाणी हा साधा शब्द नसतो. आणि 'शुद्ध' हा शब्द तर कानाला खुपतोच.

लॅबच्या मालकीण देसाई मॅडम. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, धारवाडला मळमड्डीत राहणाऱ्या, रोज बसने हुबळीला येणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "आपल्या रिपोर्टात शुद्ध हा शब्द येत नाही. आपण तपासलं ते लिहायचं, दिसलं ते लिहायचं. शुद्ध-अशुद्ध देवळात." मी त्याच क्षणी ठरवलं, इथेच राहायचं. अप्पांनी मला घोषणा द्यायला शिकवलं होतं. घोषणेआधी बाटली निर्जंतुक करायची असते, हे मॅडमनी शिकवलं.

आता खाणीची गोष्ट. पण तिच्याआधी एका कळशीची गोष्ट सांगायला हवी.

मॅडमचे एक शेजारी आहेत, निवृत्त मास्तर. एकदा ते रिक्षातून मांडीवर तांब्याची कळशी घेऊन लॅबवर हजर झाले. आत त्यांच्या विहिरीचं पाणी. "आपले पूर्वज मूर्ख नव्हते, हे मला कागदावर पाहिजे," म्हणाले. विहिरीचं पाणी आम्ही आधी नुसतं तपासलं, तर प्लेट ठिपक्यांनी भरली. मग तेच पाणी काही वेळ कळशीत ठेवून तपासलं. शून्य! मास्तर धावत जाऊन पेढे घेऊन आले. मॅडमनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मास्तर, अजून एकदा लावू."

या वेळी त्यांनी बाटलीत ईडीटीए नावाचं द्रव्य आधी घालून ठेवलं. ते पाण्यातला धातू पकडून बाजूला धरतं. आणि गाळण-कागद त्या कडक जेलीवर लगेच न ठेवता आधी काही तास साध्या, पौष्टिक जेलीवर ठेवला. आजाऱ्याला आधी पेज द्यावी, मग भाकरी, तसं. दुसऱ्या दिवशी प्लेटवर सोनेरी ठिपके होते. सगळे नव्हे, पण होते.

"म्हणजे परवा तुम्ही मला खोटं सांगितलंत?" मास्तर उखडले.

"खोटं नाही मास्तर. परवा ते बेशुद्ध होते."

"मग पेढे परत द्या."

"ते मेले," मॅडम म्हणाल्या.

नंतर हात धुताना त्या मला म्हणाल्या, "तांबं जिवाणू मारतं, खरं आहे. पण वेळ लागतो. आणि लक्षात ठेव, अर्धा मेलेला आणि पुरता मेलेला, प्लेटवर दोघं सारखेच दिसतात." मी मान हलवली. ऐकलं, हसले आणि कामाला लागले.

डोंगरापलीकडे एक खाण आहे. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, गावांचीही नाही. तिथल्या दगडात लोखंडाबरोबर गंधक आहे, थोडं तांबं, थोडं जस्त. असा दगड फोडला आणि त्याला हवा-पाणी लागलं, की पाणी आंबट आणि लालभडक होतं, धातू विरघळवून घेतं. ते तसंच सोडलं तर वाटेतलं सगळं मारत जातं. म्हणून खाणीत त्यावर प्रक्रिया करतात. चुना घालून आंबटपणा मारायचा, म्हणजे धातूंचा गाळ होऊन तळाला बसतो. वरचं निवळ पाणी हळ्ळात सोडायचं. हळ्ळ म्हणजे कानडीत ओढा. आमच्याकडे मराठीतही हळ्ळच म्हणतात.

हा हळ्ळ आधी वरच्या गावाला वळसा घालतो. त्या गावाची गटारं त्यात उतरतात. पुढे खाणीचं निवळलेलं पाणी त्याला मिळतं. त्याच्या जरा खाली खालचं गाव. पुढे हळ्ळ नुसता खडकातून आणि काटेरी झुडपांतून वाहत जातो, तो थेट हमरस्त्याच्या पुलापर्यंत. पुलाच्या खाली तो नदीला मिळतो.

खालच्या गावातल्या बायका पिण्याचं पाणी लांबच्या एका विहिरीवरून डोक्यावर आणायच्या. खाणवाल्यांनी देऊ केलं, की गावाला हळ्ळावरून पंप, टाकी आणि नळ आमच्या खर्चाने बसवून देतो. पंचायतीने पाण्याचा रिपोर्ट मागितला. खाणीने आमच्या लॅबला बोलावलं.

मी कोणत्या मनाने गेले ते स्पष्टच लिहिते. माझ्या पिशवीत बाटल्या होत्या आणि एक अर्धं लिहिलेलं पत्रक होतं. मथळा तयार होता : 'खाणीने नदी मारली!' पुरावा फक्त हवा होता.

खालच्या गावात मला गंगव्वा भेटली. ही अंगणवाडी चालवते; मी तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणते. नळासाठी पंचायतीत वर्षानुवर्षं भांडलेली बाई. आवाज असा, की अंगणवाडीतली पोरं पलीकडच्या गल्लीत असली तरी जागच्या जागी बसतात. ती कानडीतच बोलते. इथे मी तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे, तिखट थोडं कमी होतं त्याला इलाज नाही.

"तंगी, तू पाण्यात काय बघणार?" तंगी म्हणजे धाकटी बहीण.

"त्यात जिवंत काय आहे, ते."

"बेडूक आहेत. लिहून घे."

पाण्याचे नमुने खालून वर घेत जायचे असतात. वरून सुरुवात केली तर आपल्याच पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या बाटलीत येतो. म्हणून मी आधी पुलाजवळचा घेतला. खरं तर तो कुणी मागितलेला नव्हता. खाणीचं पाणी कुठवर घाण करतं ते मला पकडायचं होतं. मग खालच्या गावाजवळ आले, जिथे पंप बसणार होता. गंगव्वा माझ्याबरोबर पाण्यात उतरली आणि दगडांवरून पोरीसारखी टणाटण उड्या मारत गेली.

"सांभाळून, अव्वा! घसराल."

"इथे कुणी घसरत नाही. खाणीचं पाणी यायला लागल्यापासून दगड कसे घासलेल्या भांड्यासारखे झालेत बघ. कपडे धुवायला बरं पडतं."

मी दगडावर हात फिरवला. खरंच कोरडा खडबडीत दगड, फक्त पाण्याखाली. तेव्हा त्याचं मला विशेष वाटलं नाही. बाटली भरली, बर्फाच्या पेटीत ठेवली, वरच्या गावाकडे गेले. तिथले दगड हिरवट-तपकिरी होते. पहिल्याच दगडावर मी सपशेल आपटले.

निकाल लागला तो असा. वरच्या गावाखाली प्लेट ठिपक्यांनी गच्च, मोजता येऊ नये इतकी. खाणीचं पाणी मिळाल्यावर, खालच्या गावाजवळ : शून्य. मी पुन्हा लावलं. पुन्हा शून्य. खालच्या खोलीतल्या रसायन विभागानेही कळवलं, की लोखंड, तांबं, जस्त, सगळं पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेत आहे. चुना आणि क्षारांमुळे पाणी जड आहे, इतकंच.

माझं पत्रक पिशवीतच राहिलं. राग पाण्यावर नव्हता, प्लेटवर होता. ती माझ्या बाजूने बोलायला तयार नव्हती. पुलाजवळच्या प्लेटवर मात्र थोडे सोनेरी ठिपके होते. गुरंढोरं उतरली असतील, असं म्हणून मी ते सोडून दिलं. मॅडमनी रिपोर्टावर सही केली.

पंप बसला. टाकी झाली. नळ आला. गंगव्वाने नळाला हळदकुंकू वाहिलं आणि अंगणवाडीतल्या पोरांकडून त्याला टाळ्या वाजवून घेतल्या. खाणीने टाकीला मोठा बोर्ड लावला : 'आमच्या प्रक्रियायुक्त पाण्याने हळ्ळ शुद्ध.' गंगव्वाने मोबाईलवर मला बोर्डाचा फोटो पाठवला. तो शब्द वाचून माझ्या अंगाची आग झाली. पण खोडायचा कशाच्या आधारावर? रिपोर्ट आमचाच.

मग एक दिवस तिचा फोन आला. आवाज खुशीत. "तंगी, तुझ्या रिपोर्टाने आमचा चहा सुधारणार बघ! टाकीत ती ब्लीचिंग पावडर टाकतात ना, पोरं पाणी तोंडात घेऊन थुंकतात. खाणीचे इंजिनियर म्हणाले, जिवाणू शून्य आहेत, मग पावडर कशाला? पुढच्या ग्रामसभेत ठराव आहे. पावडर बंद."

"चांगलं आहे अव्वा," मी म्हणाले आणि फोन ठेवला. आणि मग तो पुलाजवळचा नमुना डोक्यात भुंग्यासारखा फिरायला लागला. वर शून्य. मधे गाव नाही, गटार नाही. मग खाली सोनेरी ठिपके आले कुठून?

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "इथे बसून कळणार नाही. हळ्ळ चालत बघ."

मी गेले आणि खालच्या गावापासून पुलापर्यंत पाण्यातून चालत गेले. गुरं उतरतील अशी वाटच नव्हती. दोन्ही बाजूंना उभा खडक आणि काटे. मग मी माणसांची खूण शोधायचं सोडलं आणि पायांखाली बघायला लागले. सुरुवातीचे दगड बोडके. थोडं पुढे त्यांच्यावर गंजासारखा मऊ थर. दगडाच्या आडोशाला, पाणी संथ होतं तिथे, केशरी कापसासारखे पुंजके. आणखी पुढे एका डोहात पाय घातला तर तळातून काळा चिखल उसळला आणि कुजक्या अंड्याचा वास सुटला. आणि डोह ओलांडून पलीकडच्या दगडावर पाय ठेवला, तर मी घसरले.

तिथेच पाण्यात बसून राहिले. कारण मला समजलं होतं.

दगडावरचा बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे. ती वस्ती असते. लाखो जिवाणू स्वतःच्या अंगातून चिकट रस काढून दगडाला धरून राहतात, एकमेकांना धरून राहतात, वाहत्या पाण्यातून आपलं अन्न टिपतात, आणि त्यांच्यावर बाकीचा ओढा जगतो. खाणीचं पाणी जिथे मिळतं तिथे ही वस्ती उठली होती. मग लोखंडावर जगणारे, जिथे दुसरं कुणी टिकत नाही तिथे घर करणारे, केशरी कापूस विणत आले होते. आणि त्या डोहाच्या काळ्या चिखलात असे राहत होते, ज्यांना हवा लागत नाही. खाणीच्या पाण्यातला गंधकाचा क्षार ते हवेच्या जागी वापरतात. त्यातून तो कुजका वास निघतो, आणि तोच वास पाण्यातलं उरलंसुरलं तांबं पकडून काळ्या गाळात पुरून टाकतो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. त्या खळग्यात बसून ते हळ्ळाला बरं करत होते. मी लहानपणापासून चळवळीतल्या एकजुटीच्या गोष्टी ऐकत आले आहे. असली एकजूट मी पाहिली नव्हती. हात जोडावेसे वाटले. जोडले नाहीत, कारण दोन्ही हातांत बाटल्या होत्या.

डोहाच्या वर शून्य, डोहाच्या खाली ठिपके. वरच्या गावच्या मैल्यातले जिवाणू मेलेच नव्हते. खाणीच्या पाण्यात उरलेल्या जराशा तांब्याजस्ताने ते बेशुद्ध पडले होते, आणि डोहापलीकडे, तांबं संपल्यावर, शुद्धीवर येत होते. मास्तरांची कळशी!

लॅबवर येऊन मी धापा टाकत सांगितलं. रसायन विभागातला मित्र म्हणाला, "पण तांबं मर्यादेत होतं!"

मॅडम चष्मा पुसत शांतपणे म्हणाल्या, "मर्यादा कुणाची? माणसाची. जिवाणूला कुणी विचारलं होतं?"

आम्ही सगळे एकाच खड्ड्यात पडलो होतो. बाटलीत ईडीटीए कधी घालायचं? पाण्यात धातू जास्त असेल तेव्हा. धातू जास्त नव्हता, म्हणून साधी बाटली. खालच्या खोलीचा आकडा बरोबर होता आणि वरच्या खोलीचाही. दोन बरोबर आकड्यांच्या मधल्या जिन्यावर सत्य बसून होतं, आणि आम्ही त्याला ओलांडून जा-ये करत होतो.

नव्या बाटल्या भरून आणल्या. आधी पेज, मग भाकरी. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरचं, म्हणजे आमच्या ऊबपेटीचं, दार उघडलं आणि खालच्या गावच्या पाण्याची प्लेट खिडकीशी नेली. ठिपके. हिरवट, झळझळीत, सोनेरी.

मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. जगले म्हणून! पोटात दुखणं आणणारे, पण जगले. चुना झाला, तांबं झालं, क्षार झाले, तरी सगळं अंग मिटून कुठेतरी आत थोडी धग राखून थांबले, आणि अन्न मिळताच उठले. आणि लगेच दुसरा विचार आला. अंगणवाडीतल्या पोराचं पोट म्हणजे तरी काय? ऊब आणि पेज.

मी गंगव्वाला फोन केला. म्हणाले, पावडर बंद करू देऊ नका. ती म्हणाली, "डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सभेत उभी राहणार नाही." आणि बसने हुबळीला आली.

प्लेट मी झाकण चिकटपट्टीने बंद करून तिच्यासमोर धरली.

"यव्वा! सोनं?"

"वरच्या गावचा मैला."

"शी! आणि माझ्या तोंडासमोर धरतेस!" पण तिने प्लेट परत दिली नाही. खिडकीशी नेली, माझ्यासारखीच फिरवली. "हे आमच्या नळातले?"

"तुमच्या पंपाजवळच्या पाण्यातले. पावडर थांबली की नळात येतील. आधी दिसत नव्हते. मेले नव्हते, पडून होते."

"दम धरून होते," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे वळली, आणि आवाज बदलला. "आता तू काय करणार? पत्रक काढणार. तुझ्या पिशवीतून कागद डोकावताना मी त्या दिवशीच पाहिलाय. खाणीने विष पाजलं म्हणणार. पेपरात येणार. खाणवाले रागावून पंप काढून नेणार. मग विहिरीवरून घागरी कोण आणणार? तुझे हे सोन्याचे किडे?"

मी आयुष्यभर ऐकत आले होते, की सत्य बोललं की लोकांचं भलं होतं. हिच्या बाबतीत सत्य बोललं तर नळ जाणार होता आणि गप्प बसलं तर पोरं आजारी पडणार होती. ती खुर्चीत बसून रडली नाही, पण पदराने तोंड पुसलं. "नळ गेला तर बायका मला गावात राहू देणार नाहीत. आणि पोरांना काही झालं तर मीच राहणार नाही."

त्या संध्याकाळी मी अप्पांसमोर माझं जुनं पत्रक आणि नवा निकाल दोन्ही ठेवलं. अप्पांनी 'खाणीने नदी मारली!' वाचलं, चष्म्यावरून बघितलं. "नदी मेली नाही ना?"

"नाही."

"मग खोटं का लिहितेस? खाणवाले खोटं लिहितात म्हणून?" आणि त्यांनी पेन्सिलीने मथळ्यावर आडवी रेघ मारली. "पत्रकात शिव्या कमी आणि मागणी एक. साध्या बाईलाही ती हातात धरून घरी नेता येईल अशी."

खालच्या गावच्या ग्रामसभेत पिंपळाच्या पारावर मी उभी राहिले. खाणीचे इंजिनियर, चांगले शिकलेले, सभ्य गृहस्थ, आमचाच रिपोर्ट हातात घेऊन आले होते. मला म्हणाले, "मॅडम, शून्य तुम्हीच लिहिलंत."

"लिहिलं. शून्य म्हणजे आम्हाला दिसले नाहीत, एवढंच."

"म्हणजे तुमची लॅब चुकली?"

"हो," मी म्हणाले. सभेत हशा झाला. पत्रकं वाटणाऱ्या बापाच्या पोरीला हशा सहन करणं जड जातं, पण केलं. मग मी सांगायला लागले, तांबं, मर्यादा, बेशुद्धी, आणि लोकांचे चेहरे विझत गेले. शेवटी गंगव्वा उठली. तिने मला खांद्याला धरून खाली बसवलं.

"ऐका! चोर घरात शिरला आणि मार खाऊन अंगणात पडला. हलत नाही. तुम्ही काय करता, दाराची कडी काढून झोपता?"

"नाही की!" पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

"मग पावडर ही कडी आहे. ती राहणार. पडलेल्या चोराला तर ती लवकर मारते, ही पोरगी सांगते. आणि नळ..." ती इंजिनियरांकडे वळली, "अण्णा, नळ काढायची भाषा कुणी केली तर मी टाकीवर चढून बसेन. नळ राहू दे. तुमचं पाणी मात्र हळ्ळात यायच्या आधी अजून थोडं थांबवा. या पोरीने एक डोह बघितलाय, तसा एक करून द्या. तांबं तिथेच पुरलं जाऊ दे."

नवी मागणी एकच, डोहाची. माझ्या पत्रकातही तेवढंच होतं, कानडीत, चार ओळींत : पावडर चालू ठेवा, नळ चालू ठेवा, खाणीचं पाणी पाणकणसाच्या, म्हणजे दलदलीतल्या उंच गवताच्या, तळ्यातून जाऊ द्या. ठराव झाला. पावडर राहिली.

तळं लगेच झालं नाही. इंजिनियर बदलले, कागद फिरले, गंगव्वाने त्यांच्या ऑफिसात अंगणवाडीतली पोरं नेऊन बसवली. मग कधीतरी खाणीच्या आवारात एक उथळ तळं खणलं गेलं. त्यात पाणकणीस लावलं, तळाला काळा चिखल साठू दिला. त्याला घाण वास येतो आणि तो वास आला की माझा जीव भांड्यात पडतो. बोर्डावरचा 'शुद्ध' अजून तसाच आहे. आमचा पहिला शून्याचा रिपोर्ट, फ्रेममध्ये घालून, खाणीच्या ऑफिसात अजून टांगलेला आहे म्हणतात. खोटा नाही, म्हणून तो काढायला लावता येत नाही. आमच्या छापील रिपोर्टात 'बेशुद्ध' असा रकाना नाही, याची मला रुखरुख आहे. मी सध्या तळटिपेत लिहिते. मॅडम म्हणतात, टीप कुणी वाचत नाही. मी म्हणते, पत्रकं तरी कोण वाचत होतं? आता खाणीकडून येणाऱ्या प्रत्येक पाण्याच्या बाटलीत, आकडा काहीही असो, आधी ईडीटीए जातं.

गेल्या वेळी नमुने घ्यायला गेले तेव्हा गंगव्वा हळ्ळावर कपडे धूत होती. पोरांना हाका, शिव्या, साबणाचा फेस, सगळं एकदम. मी नेहमीप्रमाणे खालून वर येत, बाटली उंच धरून, त्याच जुन्या बोडक्या दगडांवरून तिच्याकडे निघाले. नीट बघितलं असतं तर दगडांचा रंग दिसला असता. बघितलं नाही. दुसऱ्या पावलाला पाय सटकला आणि मी बाटलीसकट कमरेपर्यंत पाण्यात बसले.

गंगव्वा पोट धरून हसली. मग तिचं हसू थांबलं. ती वाकली, माझ्या शेजारच्या दगडावरून तिने तळवा फिरवला आणि ओला, हिरवट तळवा माझ्यासमोर धरला.

"आले गं," ती म्हणाली. "आता कपडे धुताना आम्ही सगळ्या पडणार." आणि मला उठवायला तिने तोच हात पुढे केला.